नवे सर्व्हर कामाला लावण्याआधीचे पंधरा दिवस

सोलापुरात जानेवारीत बसवलेला सर्व्हर सगळ्या परीक्षांत पास होतो. गड्ड्याची यात्रा भरलेली असते, पहाटे स्वेटर लागतो, सर्व्हरच्या खोलीत एसी लावायचीही गरज पडत नाही. खरी परीक्षा मे महिन्यात दुपारी तीन वाजता असते. काही वर्षांपूर्वी अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या बाजूला एका टॉवेल कारखान्यात मी असाच जानेवारीत एक सर्व्हर बसवला होता. मेमध्ये एका दुपारी व्होल्टेज पडलं, एसी ट्रिप झाला, आणि यंत्रमागावरून उडणाऱ्या सुताच्या तुसानं समोरची जाळी आधीच बुजलेली होती. सर्व्हर बंद पडला असता तर बरं झालं असतं. तो चालूच राहिला. रॅमची एक पट्टी चुकीचे आकडे देऊ लागली आणि टॅलीचा डेटा आतून बिघडत गेला. आठ दिवसांनी हिशेब जुळेना तेव्हा कळलं, आणि तोवर बॅकअपमध्येही तोच बिघडलेला डेटा जाऊन बसला होता. तीन आठवड्यांची बिलं कागदावरून पुन्हा भरावी लागली. ती भरणाऱ्या अकाउंटंट ताईंचे रात्रीचे चेहरे मी विसरलेलो नाही.

तेव्हापासून आमच्या लॅबमध्ये नवा सर्व्हर आला की पंधरा दिवस त्यावर एकही खरा व्हीएम (सर्व्हरच्या आत चालणारा आभासी संगणक) चढत नाही. त्या पंधरा दिवसांत काय करायचं ते इथे क्रमानं लिहितो. उदाहरणाला आमचे मागच्या खेपेचे तीन सर्व्हर घेतो: प्रत्येकात दोन प्रोसेसर, २५६ जीबी ईसीसी (स्वतःच्या चुका पकडणारी) रॅम, ऑपरेटिंग सिस्टिमसाठी दोन छोट्या एसएसडी, डेटासाठी चार मोठ्या, आणि १० गिगाबिटचं नेटवर्क कार्ड. तुमच्याकडे एकच मशीन असेल, जुनं विकत घेतलेलं असेल, तरी क्रम हाच ठेवा.

खोली आणि वीज

मशीनचं खोकं उघडण्याआधी खोली तपासायची. सर्व्हरच्या समोरून आत जाणाऱ्या हवेचं तापमान १८ ते २७ अंश असावं, अशी वातानुकूलन अभियंत्यांच्या 'अ‍ॅश्रे' या संस्थेची शिफारस आहे. नेहमीचे बरेचसे सर्व्हर ३५ अंशांपर्यंत तग धरतात, पण तो आकडा काठाचा आहे, रोजच्या वापराचा नव्हे.

एसीचा हिशेब सोपा आहे. तीन सर्व्हर प्रत्येकी ३५० वॅट खातात असं धरा, स्विच आणि यूपीएसची घट मिळून साधारण १३०० वॅट. ही सगळी वीज शेवटी उष्णताच होते. वॅटला ३.४१ ने गुणलं की ताशी बीटीयू मिळतात, म्हणजे इथे सुमारे ४४००. एक टनाचा एसी ताशी १२,००० बीटीयू उष्णता बाहेर काढतो. कागदावर अर्धा टनही पुरतो, पण आपल्याकडच्या तापलेल्या स्लॅबची आणि पश्चिमेच्या भिंतीची उष्णता या हिशेबात नाही. माझा आग्रह असा की एक मोठा एसी घेण्याऐवजी दीड टनाचे दोन घ्या, टायमरवर आलटून पालटून चालवा, आणि एकट्यानंही खोली सांभाळता येते ना ते मेमध्ये पाहून घ्या.

मग अर्थिंग. याकडे संगणकवाले बघत नाहीत आणि वायरमनला कुणी विचारत नाही. आमच्या खोलीत वायरमन काकांनी पहिल्यांदा मल्टिमीटर लावला तेव्हाचं बोलणं असं झालं:

"काका, न्यूट्रल आणि अर्थिंगमध्ये किती दाखवतंय?"

"साडेसहा व्होल्ट."

"अर्थिंगच्या खड्ड्यात पाणी कधी घातलं होतं?"

"पावसाळ्यानंतर कुठं घातलंय! जमीन भेगाळलीय सगळी."

काकांनी खड्ड्यात मीठ-कोळसा भरून पाणी सोडलं, न्यूट्रलचा एक सैल जोड सापडला तो आवळला, आणि रीडिंग दीड व्होल्टवर आलं. आम्ही दोन-तीन व्होल्टच्या वर गेलं की काम थांबवतो. उन्हाळ्यात दर आठवड्याला खड्ड्यात पाणी घालायचं काम आता एकाच्या नावावर लिहून ठेवलंय.

यूपीएस ऑनलाइन प्रकारचा (सतत स्वतःमार्गेच वीज देणारा) घ्या. घरातल्या स्वस्त इन्व्हर्टरची चौकोनी लहर सर्व्हरच्या पॉवर सप्लायला मानवत नाही. सर्व्हरला दोन पॉवर सप्लाय असतील तर दोन्ही एकाच यूपीएसला जोडू नका. आणि बॅटऱ्या सर्व्हरइतक्याच जपा: सीलबंद लेड-अ‍ॅसिड बॅटरीचं आयुष्य २५ अंशांवरचं मोजलेलं असतं, आणि त्याच्यावर दर आठ-दहा अंशांना ते जवळपास निम्मं होतं. यूपीएस जिन्याखालच्या बंद कोनाड्यात ठेवायची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे. त्या कोनाड्यात मेमध्ये एकदा थर्मामीटर ठेवून बघा.

खोकं उघडल्यावर

बिलावरचे सिरियल नंबर, रॅमच्या पट्ट्या, डिस्क, रेल, सगळं मोजून वहीत लिहा आणि फोटो काढा. वॉरंटीची तारीख उत्पादकाच्या साइटवर सिरियल टाकून बघा. प्रवासात ढिल्या झालेल्या पट्ट्या आणि कार्डं मनगटाला अँटिस्टॅटिक पट्टा बांधून एकदा दाबून बसवा. एवढंच.

फर्मवेअर आणि बायोस

सर्व्हरमध्ये एक छोटा स्वतंत्र संगणक असतो, तो मुख्य मशीन बंद असतानाही जागा असतो. डेलमध्ये त्याला आयड्रॅक म्हणतात, एचपीईमध्ये आयलो. पहिलं काम त्याचा पासवर्ड बदलणं आणि त्याचं नेटवर्क पोर्ट वेगळ्या व्हीलॅनमध्ये (बाकीच्यांपासून तोडलेल्या नेटवर्कात) टाकणं. हे पोर्ट ज्याच्या हाती गेलं त्याच्या हाती मशीन गेलं, म्हणून ते कधीही थेट इंटरनेटवर नको.

नंतर बायोस (मशीन सुरू करणारा मूळ प्रोग्राम), रेड कंट्रोलर (डिस्क एकत्र बांधणारं कार्ड), नेटवर्क कार्ड, डिस्क यांची फर्मवेअर (भागांत कायम बसलेला प्रोग्राम) अद्ययावत करा. तिन्ही मशीनवर एकच आवृत्ती हवी. बायोसमध्ये इंटेल असेल तर व्हीटी-एक्स आणि व्हीटी-डी, एएमडी असेल तर एसव्हीएम आणि आयओएमएमयू चालू करा, या व्हीएमसाठीच्या सोयी आहेत. पॉवर प्रोफाइल 'परफॉर्मन्स' ठेवा, म्हणजे चाचणीचे आकडे वीज वाचवण्याच्या खटपटीत वरखाली होणार नाहीत. वीज गेल्यावर मशीननं आपोआप चालू व्हावं की नाही, तेही इथेच ठरतं. आम्ही 'आपोआप नको' ठेवतो. आपल्याकडे वीज आली की दहा मिनिटांत पुन्हा जाऊ शकते, आणि अर्ध्यावर चढलेलं मशीन पुन्हा पडणं हे बंद राहण्यापेक्षा वाईट. ती स्थिर झाल्यावर माणूस चालू करतो.

रॅम: इथे घाई नको

मेमटेस्ट८६+ हे मोफत, मुक्त साधन पेनड्राइव्हवरून चालवा. २०२२ मध्ये आलेल्या सहाव्या आवृत्तीपासून ते यूईएफआयवर (नव्या पद्धतीच्या बायोसवर) नीट चालतं. सिक्युअर बूट (फक्त सही असलेले प्रोग्राम चालू देणारी सोय) आडवं आलं तर तेवढ्यापुरतं बंद करा. २५६ जीबीचा एकच फेरा कित्येक तास घेतो, तरी आम्ही किमान चार फेरे करतो, म्हणजे दोन-तीन दिवस मशीनला हात लावायचा नाही.

ईसीसी रॅम एका बिटची चूक स्वतः दुरुस्त करते आणि दोन बिटांची चूक निदान ओळखते. त्यामुळे एक फसवी गोष्ट घडते: पडद्यावर शून्य चुका दिसतात, पण आत दुरुस्त्या चाललेल्या असतात. म्हणून चाचणी संपल्यावर आयड्रॅक किंवा आयलोचा लॉग उघडून दुरुस्त झालेल्या चुकांची नोंद शोधा. नव्या मशीनवर अशी एक जरी नोंद दिसली तरी ती पट्टी दुसऱ्या खाचेत घालून पुन्हा चाचणी करा. चूक पट्टीबरोबर सरकली तर पट्टी बदलून मागा, खाचेतच राहिली तर मदरबोर्ड किंवा प्रोसेसरच्या पिना बघा. विक्रेता म्हणेल, "एवढ्यानं काही होत नाही." वॉरंटीत बदलून मिळणारी वस्तू कामाला लावण्याआधीच बदलून घ्या. नंतर त्यावर चाळीस माणसांचा पगार बसलेला असतो.

ऑपरेटिंग सिस्टिम चढल्यावर रासडेमन बसवून ठेवा, तो अशा चुका कायमच्या नोंदवत राहतो.

डिस्क

एखादी लाइव्ह लिनक्स पेनड्राइव्हवरून चालू करा. पुढच्या चाचण्या डिस्क पुसून टाकतात, म्हणून प्रत्येक डिस्कचा सिरियल नंबर पडद्यावर आणि हातात जुळवून घ्या. सेवेतल्या मशीनमध्ये या चाचण्या कधीही करू नका.

आधी स्मार्टसीटीएल या साधनानं प्रत्येक डिस्कनं स्वतः ठेवलेली माहिती वाचून वहीत लिहा. 'नवीन' म्हणून आलेल्या डिस्कचे चालू तास हजारात दिसले तर ती नवीन नाही, परत पाठवा. मग त्याच साधनानं लाँग टेस्ट, म्हणजे डिस्कची पूर्ण तपासणी, लावा. हार्ड डिस्कमध्ये मुख्यतः तीन आकडे बघायचे: क्रमांक ५, म्हणजे बदली केलेले सेक्टर, क्रमांक १९७, म्हणजे संशयित सेक्टर, आणि १९८, म्हणजे वाचताच न आलेले. तिन्ही शून्य हवेत. क्रमांक १९९ (केबलवरून येता-जाता झालेल्या चुका) वाढत असेल तर डिस्कवर आळ घेण्याआधी केबल बदला.

यानंतर हार्ड डिस्कवर 'बॅडब्लॉक्स' हे साधन लिहिण्याच्या पद्धतीनं चालवा. ते चार वेगवेगळे नमुने पूर्ण डिस्कवर लिहितं आणि प्रत्येक वेळी वाचून पडताळतं, म्हणजे एकूण आठ फेरे. ४ टीबीच्या डिस्कला एक फेरा सहा-सात तासांचा धरला तर दोन दिवस जातात. डिस्क ४ टीबीपेक्षा मोठी असेल तर ब्लॉकचा आकार ४०९६ द्या, नाहीतर मूळ आकारात साधन नकार देतं. शेवटी ते तीन आकडे पुन्हा बघा. आता ते हलले असतील तर वॉरंटी वापरायची हीच वेळ.

एसएसडीला बॅडब्लॉक्स लावू नका, उगाच झीज होते. तिथे एफआयओ नावाचं साधन वापरा: एकदा पूर्ण डिस्क भरा, पडताळणीसह, आणि मग ४ केबीचं विखुरलेलं 'सिंक' लेखन (आधीचं डिस्कवर पक्कं उतरल्यावरच पुढचं) अर्धा तास चालवा. ही चाचणी एसएसडीचा खरा दर्जा दाखवते. वीज गेली तरी हातातला डेटा वाचवणारे कपॅसिटर असलेली सर्व्हरची एसएसडी इथे सेकंदाला हजारो लेखनं सहज देते. लॅपटॉपसाठीची चकचकीत एसएसडी काही शेकड्यांवर घसरते. दुकानात दोघींच्या खोक्यावरचा वेग सारखाच छापलेला असतो. डेटाबेस ज्या डिस्कवर बसणार तिथे या आकड्याशिवाय दुसऱ्या कशाला मी महत्त्व देत नाही.

झेडएफएस (डिस्क स्वतः सांभाळणारी फाइल सिस्टिम) वापरणार असाल तर कंट्रोलर एचबीए मोडमध्ये हवा, म्हणजे डिस्क थेट दिसतील. रेड कंट्रोलरच्या आड लपलेल्या डिस्कवर झेडएफएस बसवू नका.

हायपरव्हायझर

एका मशीनवर अनेक व्हीएम चालवणारी प्रणाली म्हणजे हायपरव्हायझर. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रॉडकॉमनं व्हीएमवेअर ही हायपरव्हायझर बनवणारी कंपनी घेतल्यावर कायमस्वरूपी लायसन्स विकणं थांबलं, आणि लहान लॅबचा कल केव्हीएम या मुक्त हायपरव्हायझरकडे झपाट्यानं वळला. केव्हीएम २००७ पासून लिनक्सच्या गाभ्यातच आहे. आम्ही प्रॉक्समॉक्स वापरतो. तो डेबियनवर उभा आहे, व्हीएमसाठी केव्हीएम आणि कंटेनरसाठी (व्हीएमपेक्षा हलक्या कप्प्यांसाठी) एलएक्ससी देतो, आणि सबस्क्रिप्शन नसलं तरी पूर्ण चालतो, फक्त अपडेट जिथून उतरतात ते भांडार बदलावं लागतं.

आयएसओ (सिस्टिम चढवायची फाइल) उतरवल्यावर तिचा शा-२५६ आकडा (फाइलचा ठसा) साइटवरच्या आकड्याशी जुळवा. दोन छोट्या एसएसडींवर झेडएफएस मिरर (दोन्हींवर तीच प्रत) करून सिस्टिम चढवा. होस्टचं नाव आणि आयपी आधीच नीट ठरवा, कारण क्लस्टर (मशीन जोडून केलेला गट) झाल्यावर नाव बदलणं फार त्रासाचं आहे. आमच्या तीन नोडची, म्हणजे क्लस्टरमधल्या मशीनची, नावं तलाव-धरणांची आहेत: उजनी, हिप्परगा, कंबर. लॉगमध्ये नाव दिसलं की कोणतं मशीन ते लगेच डोळ्यांपुढे येतं.

वेळ जुळवणं विसरू नका. तिन्ही घड्याळं क्रॉनी या साधनानं एकाच ठिकाणाशी बांधा. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत घड्याळं एनआयसी (राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) किंवा एनपीएलच्या (राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा) वेळेशी, किंवा त्यांच्याशी जुळलेल्या सर्व्हरशी जोडायला आणि लॉग १८० दिवस ठेवायला सांगितलं आहे. सुरुवातीलाच करून टाकलं तर नंतर धावपळ होत नाही.

नेटवर्क

दोन मशीनमध्ये आयपर्फ-३ हे वेग मोजणारं साधन चालवा, दोन्ही दिशांनी, दहा-दहा मिनिटं. १ गिगाबिटच्या पोर्टवर साधारण ९४० मेगाबिट आणि १० गिगाबिटवर ९.४ गिगाबिटच्या आसपास मिळायला हवेत. कमी मिळाले तर ईथटूल या साधनानं नेटवर्क कार्डवरच्या चुकांची मोजणी बघा. बहुतेक वेळा दोष हातानं क्रिंप केलेल्या केबलचा निघतो. जंबो फ्रेम (नेहमीपेक्षा मोठी डेटाची पाकिटं) ठेवायच्या असतील तर ८९७२ बाइटचं, न तोडता जाणारं पिंग प्रत्येक जोडीत करून बघा. वाटेतला एक स्विच विसरला असेल तर तो इथेच सापडतो.

जानेवारीत मे आणायचा

आता सगळ्यात महत्त्वाची चाचणी. तिन्ही मशीनवर स्ट्रेस-एनजी हे भार देणारं साधन लावून प्रोसेसर आणि रॅम पूर्ण भारावर आणा, जोडीला एफआयओ चालू ठेवा. एसी चालू असताना असे चोवीस तास जाऊ द्या. दर पाच मिनिटांनी आत जाणारी हवा, प्रोसेसरचं तापमान, पंख्यांचे फेरे आणि प्रोसेसरचा वेग यांची नोंद आपोआप फाइलमध्ये पडू द्या. वेग मध्येच घसरला असेल तर मशीन स्वतःला वाचवत होतं. अशा वेळी हीटसिंक नीट बसलेलं नसतं किंवा हवेची वाट अडलेली असते.

दुसऱ्या दिवशी भार तसाच ठेवून एसी बंद करा. खोलीत कुणीतरी हजर हवंच. जाळीसमोर एक साधं थर्मामीटर टांगा आणि घड्याळ लावा. २४ वरून ३२ अंशांवर जायला किती मिनिटं लागली ते लिहा. ३५ च्या आधी एसी चालू करा. आमच्या खोलीत वीस-बावीस मिनिटं लागली, आणि ती चाचणी हिवाळ्यातली होती. एसी बंद पडल्यावर तुमच्या हातात किती वेळ आहे ते हा आकडा सांगतो. लॅबपासून माझं घर जुळे सोलापुरात, संध्याकाळच्या गर्दीत पोचायलाच अर्धा तास. मग धावत पोचण्याच्या भरवशावर राहता येत नाही. म्हणून २९ अंशांना फोनवर मेसेज, ३२ ला चाचणीचे व्हीएम आपोआप बंद, ३४ ला होस्टसुद्धा व्यवस्थित बंद, अशी साखळी लावली.

सुताचं तूस जिथे उडतं तिथे आणखी एक करा. जाळीचा निम्मा भाग कागदी पुठ्ठ्यानं झाकून तासभर भार द्या आणि पंख्यांचे फेरे लिहून ठेवा. पुढे कधी रिकाम्या मशीनचेही फेरे त्या दिशेनं वाढताना दिसले की जाळी साफ करायची वेळ आली. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटानं धरा, मोकळं सोडलं तर ते भलत्या वेगानं फिरून बेअरिंग बिघडतं.

क्लस्टर जोडा आणि तोडा

तीन नोडच्या क्लस्टरमध्ये दोघांचं बहुमत लागतं, म्हणून एक नोड पडला तरी काम चालतं. दोनच मशीन असतील तर तिसऱ्या मतासाठी एखाद्या छोट्या संगणकावर क्यूडिव्हाइस बसवा. नोड एकमेकांना आपण जिवंत असल्याचं कळवतात त्या कोरोसिंकच्या संदेशांना शक्यतो स्वतंत्र पोर्ट द्या. बॅकअपच्या गर्दीत ते अडकले तर चांगला नोडही मेलेला समजला जातो.

चाचणीचे व्हीएम बनवताना आधी एक टेम्प्लेट (ज्याच्या प्रती काढायच्या तो नमुना) करा. लिनक्सच्या टेम्प्लेटमधून मशीन-आयडी आणि एसएसएचच्या किल्ल्या पुसा, विंडोजला सिसप्रेप करा, म्हणजे प्रत्येक प्रतीला स्वतःची ओळख मिळते, आणि व्हीएमच्या डिस्क-नेटवर्कसाठीचे व्हर्टआयओचे ड्रायव्हर आधीच घाला. प्रत्येक नोडवर पाच-सहा व्हीएम, त्यातल्या काहींत डेटाबेसवर सतत लिहिणारी छोटी स्क्रिप्ट. व्हीएम चालू असताना एका नोडवरून दुसऱ्यावर हलवा. नोडचे प्रोसेसर वेगवेगळ्या पिढीचे असतील तर व्हीएमचा प्रोसेसर 'होस्ट' ठेवू नका, सगळ्यांना समान असलेला प्रकार निवडा.

आणि मग हिप्परगाच्या दोन्ही पॉवर केबल भर कामात ओढा. एचए (नोड पडला की दुसऱ्यावर आपोआप उठण्याची सोय) लावलेले व्हीएम साधारण दोन मिनिटांत दुसऱ्या नोडवर उठायला हवेत. नेटवर्क केबल ओढून तेच करा. एक डिस्क चालू मशीनमधून काढा, नवी घाला, झेडएफएस पुन्हा भरून निघतं का पाहा. एका वेळी एकच पॉवर केबल काढा, मशीनला कळताही कामा नये. शेवटी मुख्य स्विच पाडून यूपीएसवर जाऊ द्या आणि बॅटरी ४० टक्क्यांवर आली की आधी व्हीएम, मग होस्ट क्रमानं बंद होतात का ते खुर्ची टाकून शेवटपर्यंत बघा. हे सगळं करताना हात थरथरतो, लाखोंची वस्तू असते. पण आत्ता त्यावर कुणाचाही डेटा नाही.

बॅकअप परत आणून बघा

स्नॅपशॉट (व्हीएमची त्या क्षणाची नोंद) त्याच डिस्कवर राहतो, तो बॅकअप नव्हे. बॅकअप वेगळ्या मशीनवर घ्या, एक प्रत दुसऱ्या इमारतीत ठेवा. मग एक व्हीएम पूर्ण पुसून बॅकअपमधून परत आणा, किती वेळ लागला ते लिहा, आणि तो वापरणाऱ्या माणसालाच आत बसवून आकडे जुळवायला सांगा. कारखान्यातल्या प्रसंगानंतर आम्ही जुन्या प्रती लगेच पुसत नाही: सात रोजच्या, चार आठवड्याच्या, बारा महिन्याच्या. आतून बिघडलेला डेटा आठ दिवसांनी कळला तरी मागची चांगली प्रत सापडावी म्हणून.

वही

प्रत्येक चाचणीचा आकडा, तारीख आणि त्या वेळचं खोलीचं तापमान एकाच वहीत. वर्षभरानं कुणी म्हणालं, "सर्व्हर हळू झालाय," की एफआयओ आणि आयपर्फ तसेच पुन्हा चालवून वहीतल्या आकड्याशेजारी नवा आकडा लिहायचा.

सोळाव्या दिवशी पहिला खरा व्हीएम चढतो तो हजेरीच्या मशीनचा. महिनाअखेर नीट पार पडली की मग टॅली. आणि प्रत्येक सर्व्हरच्या समोरच्या पट्टीवर एक स्टिकर असतो: नाव, सिरियल नंबर, वॉरंटीची तारीख, आणि खाली ठळक अक्षरांत 'फेरतपासणी, मे महिन्याचा दुसरा आठवडा, दुपारी ३'.